तिसऱ्या वॉटर जंपवरची गर्दी : ३००० मीटर स्टीपलचेसच्या एका हीटचा प्रकरण अभ्यास

धावपटू, प्रशिक्षक, गाव आणि स्पर्धा यांची नावे वगळली आहेत. या प्रकरणातल्या वेळा पूर्ण सेकंदांत दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, हा शब्द आता शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० अशी वेळ काढली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकून असलेला ८:३०.८८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. तेव्हापासून भरतीच्या तयारीला आलेल्या पोरांमध्ये ज्याचा दम बरा, त्याला एकदा अडथळ्यांवर घालून बघायचे, अशी रीतच पडली आहे.

या प्रकरणातला मुलगा असाच सापडला. वय एकवीस, गाव बालाघाटाच्या पठारावर. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी धावत होता. प्रशिक्षक तालुक्याच्या ठिकाणचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. तीन हंगामांत मुलाने सपाट ३००० मीटर ८:१७ मध्ये आणि स्टीपलचेस ८:४६ मध्ये धावून दाखवली. म्हणजे अडथळ्यांपायी जाणारा वेळ एकोणतीस सेकंद. या पातळीवर तीस सेकंदांच्या आसपासचा फरक ठीक मानला जातो, त्यामुळे तंत्रात मोठे भोक नाही असा निष्कर्ष निघाला. पुढे तो अपुरा ठरला.

एका आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. हातात पाच आठवडे होते. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यतीत, पंधरा धावपटू, अंतिम फेरीत जाणार पहिले पाच, आणि नुसत्या चांगल्या वेळेच्या जोरावर कोणालाही प्रवेश नाही. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसला हाच नियम होता. तिथे साबळे ८:२२.२४ अशी वेळ काढूनही हीटमध्ये सातवे आले आणि बाहेर पडले. अशा हीटमध्ये घड्याळापेक्षा आजूबाजूचे चौदा जण महत्त्वाचे असतात.

अडचण काय वाटली, आणि काय होती

सरावाचे मैदान मुरमाचे. वॉटर जंप, म्हणजे अडथळा आणि त्यालगतचा पाण्याचा खड्डा, नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलच्या पायांवर लाकडी आडवे बसवून घेतलेले दोन अडथळे, उंची बरोबर ९१.४ सेंटिमीटर, रुंदी चार फूट. मुलाने पाण्यावरची उडी आजवर फक्त स्पर्धेतच मारली होती. शर्यतीत एकूण पस्तीस उड्या असतात : अठ्ठावीस कोरड्या, सात पाण्याच्या. सातही उड्यांचा सराव नाही म्हटल्यावर सगळ्यांचे बोट वॉटर जंपच्या खड्ड्याकडे गेले. शिक्षक, माजी खेळाडू, संघटनेतले लोक, सगळे एकच बोलत होते.

दुसरी उणीव समोर असून कोणाला दिसली नाही. राज्य पातळीवर या शर्यतीला आठ-दहा जण उतरतात आणि दुसऱ्या फेरीतच माळ तुटते. पुढचा अडथळा प्रत्येकाला मोकळा मिळतो. स्पर्धेतला खरा अडथळा किमान ३.९४ मीटर रुंद आणि ८० ते १०० किलो वजनाचा असतो, कारण त्यावरून तीन-चार जण शेजारी शेजारी जायचे असतात आणि धक्का लागला तरी तो हलता कामा नये. चार फुटी अडथळ्यावर दुसऱ्या माणसाला जागाच नाही. तीन वर्षे हा मुलगा एकट्याने उडी मारायला शिकला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुण्याचा. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत पाच आठवडे राहायचे. सिंथेटिक ट्रॅक, खरा खड्डा, बरोबर धावायला चांगली मुले. खर्च आणि प्रशिक्षकांची रजा हे अडसर होतेच, शिवाय स्पर्धेच्या तोंडावर जेवणखाण, झोप, मसाजवाला सगळे एकदम बदलायला प्रशिक्षक तयार नव्हते. ही भीती रास्त होती.

दुसरा पर्याय मैदानावरच खड्डा खणण्याचा. गावकीने उत्साहाने जेसीबी द्यायची तयारी दाखवली होती. नियमाचा खड्डा ३.६६ मीटर लांब (अडथळा धरून) आणि तितकाच रुंद. सध्याच्या मापाने अडथळ्यालगत पाणी ५० सेंटिमीटर खोल असते, साधारण १.२ मीटरपर्यंत तळ सपाट राहतो आणि तिथून उतार चढत जाऊन ट्रॅकला मिळतो. जुन्या खड्ड्यांत खोली ७० सेंटिमीटर असे. नव्या मापाचा हिशेब केला तर एकदा भरायला चार हजार लिटरच्या वर पाणी लागते, म्हणजे जवळपास एक टँकर. मे महिन्यात, गावात टँकरच्या फेऱ्या चालू असताना, उडीसाठी टँकर रिकामा करायचा विषय ग्रामसभेत कोणी काढूही शकत नव्हते. पाण्याचे जमले असते तरी काळ्या मातीचा प्रश्न उरतोच. वाळली की ती भेगाळते, भिजली की फुगते, आणि खालचे काँक्रीट वर्षभरात तडकते. तळाला स्पाइक्स (बुटांचे खिळे) धरतील अशी जाड मॅट नसेल तर घोटा मुरगळण्याची सोय होते ती वेगळीच.

तिसरा पर्याय लांब उडीच्या वाळूचा : खड्ड्याच्या काठावर अडथळा रोवून पाण्याऐवजी वाळूत उतरायचे आणि दर दहा-बारा दिवसांनी पुण्याला जाऊन खऱ्या पाण्यावर उड्या मारायच्या. हाच स्वीकारला गेला. साधने बघता निर्णय योग्यच होता. फक्त तो एकाच उणिवेचे उत्तर होता.

पाच आठवड्यांची तयारी

वाळूवरचे काम नीट झाले. अडथळ्याआधी दहा-पंधरा मीटर वेग किंचित वाढवायचा, कारण वेग कमी करून चढले की धड सरळ उभे राहते आणि उडी वर जाते, पुढे जात नाही. पायाचा चवडा आडव्याच्या पुढच्या कडेवर, गुडघा वाकलेला, डोके खाली. शरीर अडथळ्याच्या पुढे झुकेपर्यंत थांबायचे आणि मग ढकलायचे. घाई केली की खोल पाण्यात पडतो. तीन मीटरच्या आसपास उतरला तर पाणी घोट्याच्या जरा वर असते, पहिले पाऊल तिथे आणि दुसरे बाहेर. वाळूत तीन मीटरवर चुन्याची रेघ मारली होती. पहिल्या आठवड्यात दहापैकी चार उड्या रेघेपर्यंत जात होत्या, चौथ्या आठवड्यात आठ.

वाळूची एक खोड माहीत असावी. ती पायाला धरून ठेवते, पाणी आणि मॅट पाय पुढे सरकवतात. वाळूत पोर गुडघा जास्त वाकवायला शिकते आणि खऱ्या खड्ड्यात तेच गुडघ्याचे वाकणे वेग खाते. म्हणून वाळू भिजवून, रोलर फिरवून घट्ट केली. दोन्ही पायांनी चढण्याचा सरावही झाला, कारण पाऊल जुळले नाही तर अडथळ्यासमोर तीन छोटी पावले टाकून वेग मारण्यापेक्षा दुसरा पाय पुढे करणे स्वस्त पडते.

डावपेच मात्र एका संध्याकाळच्या बोलण्यात ठरले. आतल्या कडेला राहा, सहाव्या-सातव्या जागेवर, शेवटच्या सहाशे मीटरला वर जा. त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. वळणावर एक मीटर बाहेरून धावले की फेरीला सहा मीटरहून जास्त अंतर वाढते. पण हा हिशेब अख्खी फेरी बाहेरून धावण्याचा आहे. आतून धावून फक्त अडथळ्याच्या वीस मीटर आधी एक मीटर बाजूला सरकले तर वाढणारे अंतर तीन सेंटिमीटरही होत नाही. हा दुसरा हिशेब कोणी मांडला नाही, कारण घरच्या शर्यतीत बाजूला सरकायची वेळच येत नव्हती.

हीट

सुरुवात संथ झाली. पहिल्या किलोमीटरला २:५८ लागले, मुलाच्या ८:४६ च्या गतीपेक्षा दोन-तीन सेकंद हळू. वेळेवर कोणी पात्र होणार नसेल तर पुढे होऊन वारा कापायला कोणी तयार नसतो. पंधरा जण दहा-बारा मीटरांत गोळा झाले. संथ शर्यत सोपी वाटते, पण अडथळ्यांच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची तीच : मागच्याला आडवे दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. आडवे केव्हा येणार हे पुढच्याचे खांदे वर गेले की कळते, आणि तोवर पाऊल जुळवायला दोन पावलांचाच अवकाश उरलेला असतो.

पहिल्या दोन फेऱ्यांच्या चित्रणात हे स्पष्ट दिसते. मुलगा ठरल्याप्रमाणे आत, सातव्या जागेवर. प्रत्येक कोरड्या अडथळ्यापुढे त्याची पावले आखडतात, एकदा तो आडव्यावर पाय देऊन जातो, जे तो सरावात कधी करत नसे. डावीकडे आतली कड, उजवीकडे दोन जण, पुढे दीड मीटरवर एक. सरकायला जागा नाही.

तिसऱ्या फेरीच्या वॉटर जंपला पुढच्याचा पाय आडव्यावरून घसरला आणि तो खड्ड्यात कोसळला. या वेळी मुलाचा चवडा आडव्यावर टेकलेला होता. थांबणे शक्य नव्हते, थांबला असता तर मागच्यांनी त्याला अडथळ्यावरच चिरडले असते. पडलेल्याला चुकवायला त्याने उजवीकडे तिरकी उडी घेतली, उतारावर एका पायाने उतरला, हात टेकले, आणि मागून येणाऱ्याचा गुडघा कमरेत बसला. उठून धावू लागला तेव्हा घोळका सुमारे तीस मीटर पुढे होता. पाच सेकंद गेले.

पुढचा निर्णय त्याने एकट्याने, दमछाक झालेली असताना घेतला : एका फेरीत घोळका गाठायचा. उरलेले अंतर चार फेऱ्या आणि थोडे जास्त, म्हणजे सोळाशे मीटरच्या पुढे होते. पाच सेकंद तीन फेऱ्यांत वाटले असते तर फेरीला पावणेदोन सेकंद पडले असते, जे त्याच्या आवाक्यात होते. त्याने सगळे एकदम भरून काढले. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा तो शेपटाला चिकटला होता, पण शेवटच्या सहाशे मीटरसाठी राखलेले बळ तिथेच संपले. शेवटच्या वॉटर जंपला दोन्ही पाय पाण्यात पडले. दमलेल्या धावपटूची ही ठरलेली खूण आहे. तो नववा आला, पाचव्यापेक्षा चार सेकंद मागे.

प्रोटेस्टचा अर्धा तास

जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांप्रमाणे शर्यतीच्या निकालाबद्दलचा आक्षेप निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत नोंदवावा लागतो. आधी तोंडी, रेफ्रीकडे. खेळाडू स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणीही. रेफ्रीने नाकारले तर पुन्हा तीस मिनिटांत ज्युरीकडे लेखी अपील, सोबत शंभर डॉलर अनामत. अपील फसले तर अनामत जप्त होऊ शकते. धक्का अपघाताने लागला, पण धावपटूचे गंभीर नुकसान झाले असे रेफ्रीला वाटले, तर शर्यत पुन्हा घ्यायला किंवा त्या धावपटूला पुढच्या फेरीत घ्यायला सांगता येते. त्यासाठी सर्वसाधारणपणे एक अट असते : धावपटूने प्रामाणिक प्रयत्न करून शर्यत पूर्ण केलेली असावी. पडल्यावर वैतागून ट्रॅक सोडणाऱ्याचे प्रकरण इथेच संपते. मुलाने ट्रॅक सोडला नाही, हे त्याचे श्रेय.

आपल्याकडे या नियमाचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत साबळे यांना हीटमध्ये पडलेल्या धावपटूमुळे अडथळा आला, भारताचा आक्षेप आधी फेटाळला गेला, ज्युरीने तो मान्य केला आणि ते अंतिम फेरीत उतरले. तिथे ८:२१.३७ अशी वेळ काढून ते तेरावे आले आणि ऑलिंपिकची पात्रता मिळवून परतले.

या प्रकरणात अठरा मिनिटे नुसती गेली. संघाचे मॅनेजर दुसऱ्या मैदानी प्रकाराच्या पात्रता फेरीत अडकले होते. मुलगा बर्फ लावून बसला होता, आक्षेप आपण स्वतः घेऊ शकतो हे त्याला माहीत नव्हते. बातमी मॅनेजरपर्यंत पोहोचली ती मराठवाड्यातून. मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघणाऱ्या प्रशिक्षकांनी फोन केला : "साहेब, पोरगं पडलंय, आधी रेफ्रीला गाठा, बाकी मागून बघू." तोंडी आक्षेप चोविसाव्या मिनिटाला नोंदला गेला.

पर्याय तीन होते : शर्यत पुन्हा घ्या म्हणायचे, पुढच्या फेरीत प्रवेश मागायचा, किंवा सोडून द्यायचे. पंधरा जणांची स्टीपलचेस पुन्हा धावायला लावण्याची मागणी कोणीही मान्य करत नाही आणि मागणाऱ्याचेच वजन कमी होते. प्रवेश मागितला गेला, ते बरोबर होते. रेफ्रीने नाकारले. ज्युरीकडे अपील गेले, त्यासोबत प्रक्षेपणातून कापलेली बारा सेकंदांची फीत जोडली. ज्युरीने अधिकृत चित्रण पूर्ण पाहिले आणि अपील फेटाळले. त्यांचे म्हणणे असे की धक्का लागला हे खरे, हेतू कोणाचाच नव्हता हेही खरे, पण दोन फेऱ्या शिल्लक असताना धावपटू घोळक्यात परतलेला होता आणि तिथून तो वेगात मागे पडला.

निर्णय कडक वाटतो. गाठण्यासाठी खर्च झालेले बळ चित्रणात दिसत नाही, आणि ते दाखवून देण्याचे काम अपिलाचे होते. अपिलात फक्त पडण्याचा क्षण होता. धक्क्याआधीच्या दोन फेऱ्यांच्या वेळा, गाठण्याच्या फेरीची वेळ आणि शेवटच्या दोन फेऱ्यांच्या वेळा अशा तीन ओळी शेजारी शेजारी लिहिल्या असत्या तर नुकसान आकड्यांत दिसले असते. ज्युरी बदलली असती असे नाही, पण मुद्दा त्यांच्यासमोर आला तरी असता.

काय वेगळे करता आले असते

गावात परतल्यावर चर्चा पुन्हा खड्ड्यावरच आली : पाण्याचा सराव नव्हता म्हणून पडला. चित्रण उलट सांगते. पहिल्या दोन वॉटर जंपना मुलाची उडी घोळक्यातल्या चांगल्या चार-पाचांत होती. घसरला तो पुढचा. वाळूवरची मेहनत फळाला आली होती, आणि तरीही तो अशा जागी उभा होता जिथे दुसऱ्याची चूक त्याच्यावर कोसळणार होती.

पहिला बदल जागेचा. संथ हीटमध्ये आतली कड म्हणजे कोंडवाडा. वॉटर जंपकडे जाताना पुढच्याच्या उजव्या खांद्याबाहेर अर्धा मीटर निघून धावायचे, म्हणजे आडवे दिसते आणि कोणी पडले तर उतरायला रिकामी जागा असते. सरकायचे ते वीस मीटर आधी, शेवटच्या पाच मीटरात नाही. शेवटच्या क्षणी आडवे जाणारा स्वतःच दुसऱ्याला अडवतो. उडीनंतर लगेच आतली रेघ सांभाळायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एझेकिएल केंबोई यांचे कांस्य वॉटर जंपनंतर रेघेच्या आत पाऊल पडल्यानेच गेले होते.

दुसरा, पडल्यानंतरचा हिशेब आधीच पाठ असावा. किती मीटर मागे, किती फेऱ्या शिल्लक, फेरीला किती सेकंद. सरावात प्रशिक्षकाने शिट्टी वाजवून मुलाला पाच सेकंद जागेवर उभे करावे आणि पुढच्या तीन फेऱ्यांत ते भरायला लावावे. पहिल्या काही खेपांना प्रत्येक पोरगा पहिल्याच फेरीत सगळे भरून काढतो.

तिसरा, कागदाचा. स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आक्षेपाची पद्धत मराठीत लिहिलेला कागद असावा : अर्धा तास, आधी तोंडी, रेफ्रीला भेटायचे ते टेक्निकल इन्फर्मेशन सेंटरमार्फत, मॅनेजरचा नंबर.

राहिला घोळका. पुण्याला पाच आठवडे राहिला असता तर निदान पाच-सहा जणांची सोबत मिळाली असती. त्या अर्थाने पहिला पर्याय त्याच्या किमतीपेक्षा मोलाचा होता, पण तो पाण्याच्या तराजूत तोलला गेला. पुढच्या हंगामात प्रशिक्षकांनी दोन्ही चार फुटी अडथळे मोडून त्यांचे अँगल वापरले आणि तेरा फुटी एक अडथळा करून घेतला. आडवे पाच इंच चौकोनी, पायांच्या पट्ट्यांवर वाळूची पोती टाकून वजन केलेले. घोळक्यासाठी माणसे शोधायला कुठे जायचे नव्हते, मैदानावर पहाटे पाचला भरतीची तीस पोरे असतात. त्यांतली दहा निवडली. ती आठ-नऊ मिनिटे बरोबर टिकत नाहीत, पण तीनशे मीटरचा तुकडा स्टीपलच्या गतीने धावतात. अडथळा पहिले दोन आठवडे ७६ सेंटिमीटरवर, कारण नवख्याची नडगी ९१ वर सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी तो येत नाही. मुलाला दर खेपेला वेगळ्या जागी उभे करायचे : मध्ये, आत, मागे. मधल्या एकाला आधी सांगून ठेवायचे की तू आज आडव्यावर चढून थांब, कोणाला बोलू नकोस. आठवड्यातून दोनदा सकाळी, प्रत्येक वेळी आठ तुकडे, मध्ये तीन मिनिटे विसावा.

एक अडचण कायम आहे. भरतीची मैदानी चाचणी लागली की ही दहाच्या दहा पोरे महिनाभर दुखापतीच्या भीतीने अडथळ्याजवळ फिरकत नाहीत, आणि चाचणी उरकली की निम्मी गावी जातात. म्हणून घोळक्याचे काम हंगामाच्या सुरुवातीला आणि वाळूचे शेवटी, असा क्रम उलटा करावा लागला.